चीर देऊनही स्तनातलं गळू परत का होतं?

रानजाई
धाकट्या बहिणीसाठी, तिला विचारूनच, हा धागा काढतेय. तिचं वय ३४. मूल नाही, त्यामुळे अंगावर पाजण्याचा संबंध नाही. मागच्या वर्षी डाव्या स्तनाग्राशेजारी, काळसर वर्तुळाच्या अगदी कडेला, ठणका सुरू झाला. आधी नुसतं लाल आणि कडक होतं, मग ताप आला आणि ते पिकलं. भूल देऊन चीर दिली, पू काढला, पोकळीत गॉझची पट्टी भरून जखम उघडी ठेवली. रोजच्या ड्रेसिंगला ती पट्टी ओढून काढताना तिने माझा हात किती घट्ट धरलेला असायचा ते मलाच माहीत. जखम भरली. आम्ही सुटलो असं वाटलं.

काही महिन्यांत त्याच जागी परत तेच. परत चीर. आता जखम वरून बंद दिसते, पण वर्तुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलंय. अधूनमधून त्यावर खपली धरते, खपली निघाली की थोडा चिकट, वास येणारा स्राव येतो, मग पुन्हा बंद. कल्चरच्या (पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये काहीच वाढलं नाही असं लिहिलंय.

घरात जो तो वेगळं कारण सांगतोय. कोणी म्हणतं स्वच्छता कमी पडते, कोणी म्हणतं प्रतिकारशक्ती नाही, कोणी म्हणतं सर्जनने नीट साफ केलं नाही. ऐकून ऐकून ती खचलीय. ऑपरेशन झाल्यावरही हे कुणाला परत होतं, का होतं, आणि आता पुढच्या ऑपरेशनआधी आम्ही डॉक्टरांना काय विचारावं? ज्यांनी भोगलंय किंवा ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

टिटवी
वाचतेय. माझ्या जवळच्या मैत्रिणीचं अगदी हेच चाललंय, तिलाही लिंक देते.

चांदणवेल
रानजाई, बहिणीला धीर द्या. माझा अनुभव बाळंतपणानंतरचा आहे, म्हणून वेगळा. बाळ लहान असताना दूध साकळून स्तनाच्या बाहेरच्या बाजूला मोठं गळू झालं. मला चीर दिलीच नाही. सोनोग्राफीत बघून सुईने पू ओढला, दोन-तीन दिवसांनी परत बोलावून पुन्हा ओढला, असं सोनोग्राफीत पू दिसेनासा होईपर्यंत चाललं. घरून 'पाजणं बंद कर' असा जोर होता. डॉक्टरांनी उलट सांगितलं, की एकदम बंद केलंस तर दूध आणखी तुंबेल. पाजत राहिले, भरून आलं, पुढच्या बाळाच्या वेळीही काही झालं नाही.

मग प्रश्न पडतो, की माझं एकदा झालं आणि संपलं, तुमच्या बहिणीचं का संपत नाहीये?

कोरा_कागद
याचं कारण बहुतेक वेळा सरळ असतं. लोक अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडतात. दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद. जंतू उरतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. आधी गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का ते बघा.

रानजाई
@कोरा_कागद, दोन्ही वेळा पूर्ण झाल्या. डब्यात भरून मीच देत होते.

निवृत्त_सर्जन
या विषयावर नीट लिहायला हवं, म्हणून थोडं लांबेल.

चांदणवेल यांना पडलेला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. पाजणाऱ्या आईचं गळू आणि रानजाई यांच्या बहिणीचं गळू दिसायला सारखं असलं तरी हे दोन वेगळे आजार आहेत. पाजताना स्तनाग्राला भेगा पडतात, दूध साचतं, त्वचेवरचे जंतू (बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) आत शिरतात. पू निघाला, योग्य अँटिबायोटिक मिळालं, दूध वाहतं राहिलं की मूळ कारणच उरत नाही. म्हणून ते सहसा उलटत नाही.

पाजत नसलेल्या बाईला स्तनाग्राजवळ होणारं गळू दुधाच्या नलिकेच्या आजारातून येतं. नलिकेचं आतलं अस्तर नाजूक पेशींचं असतं. त्वचेसारखं, खपल्या टाकणारं अस्तर फक्त तोंडाशी, साधारण १ ते २ मिलिमीटर, असतं. काही बायकांत हे त्वचेसारखं अस्तर नलिकेत खोलवर पसरतं. त्यातून सुटणाऱ्या केराटिनचा (त्वचेच्या खपल्यांतल्या चिवट पदार्थाचा) बूच बसतो, मागे नलिका फुगते, फुटते आणि आतला ऐवज आजूबाजूच्या ऊतीत सांडतो. तिथे आधी सूज येते, मग जंतू घर करतात. यात बहुतेक वेळा मिश्र जंतू असतात आणि त्यांत ऑक्सिजनशिवाय वाढणारे बरेच. असे जंतू साध्या पद्धतीने नेलेल्या नमुन्यात वाढत नाहीत. शिवाय आधीच अँटिबायोटिक सुरू असेल तरी कल्चर कोरं येतं. त्यामुळे 'काही वाढलं नाही' याचा अर्थ 'संसर्ग नव्हता' असा होत नाही.

आता मूळ मुद्दा. चीर देऊन पू काढला की ठणका थांबतो, ताप उतरतो, पण ती बिघडलेली नलिका आत तशीच राहते. पुन्हा बूच, पुन्हा पू. आणि पू प्रत्येक वेळी सोपी वाट शोधतो, ती वर्तुळाच्या कडेला. एक टोक स्तनाग्रावरच्या नलिकेच्या तोंडाशी, दुसरं कडेच्या भोकाशी, अशी वाट कायमची तयार होते. याला फिस्टुला म्हणतात. झुस्का आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून काही ठिकाणी झुस्काचा आजार असंही नाव आहे. तुम्ही लिहिलेली खपली, स्राव, पुन्हा बंद होणं, हे सगळं त्याच्याशी जुळतं. मी तपासलेलं नाही, निदान तुमच्या सर्जननेच करायचं आहे. पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

यात स्वच्छतेचा दोष नाही. पहिल्या सर्जनचाही असेलच असं नाही. तापलेल्या, पुवाने भरलेल्या अवस्थेत नलिका शोधून काढणं योग्य नसतं. आधी आग शांत करायची, मग शांतपणे मुळाचं ऑपरेशन. पुष्कळदा हा दुसरा टप्पा कुणी सांगत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

परत होण्याची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वर धूम्रपान. त्यानंतर मधुमेह, स्थूलपणा, स्तनाग्रात टोचून घेतलेली रिंग, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र. बहीण सिगारेट ओढते का? हे निदान ठरवायला विचारतोय, मनात दुसरं काही नाही.

टिटवी
सर, एवढं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं. आणि डॉक्टर असून तुमचं अक्षर वाचता येतंय याचा वेगळा आनंद! 🙂

मुक्ता_म
सर्जनसाहेबांचा आदर ठेवून लिहिते. बाईला काही झालं की फिरून फिरून गोष्ट तिच्या सवयींवर, वजनावर, कपड्यांवर येते. माझ्या वहिनीला असं गळू झालं, तिने आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही. तपासायला गेली की पहिला प्रश्न तोच. खरं सांगत असूनही तिच्याकडे संशयाने बघायचे. जोखीम म्हणजे गुन्हा नव्हे, हे तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

निवृत्त_सर्जन
मुक्ता, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हे होतं, आणि क्वचित पुरुषांनाही. पण प्रश्न टाळून चालत नाही, कारण या एका गोष्टीचा संबंध बाकी सगळ्यांपेक्षा ठळक आहे. तंबाखूच्या धुरातले घटक स्तनाग्राच्या स्रावात उतरतात, नलिकेच्या अस्तराला इजा होते, रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन कमी पडतो, आणि ऑक्सिजन नको असलेल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. मुळाचं ऑपरेशन उत्तम झालं तरी धूम्रपान चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. उरलेल्या नलिकांतही तेच होऊ शकतं, दुसऱ्या बाजूलाही. विचारायचं ते यासाठी, आणि विचारताना आवाज चढवायची गरज नाही.

रानजाई
ओढते. कॉलेजपासून. घरात फक्त मला माहीत आहे, म्हणून डॉक्टरांसमोर आईबरोबर असताना तिने 'नाही' सांगितलं. आता हे सगळं वाचून ती स्वतःच म्हणाली, लिही. आणि हो, त्या बाजूचं स्तनाग्र गेल्या वर्ष-दीड वर्षात आत ओढल्यासारखं झालंय. आम्हाला वाटलं ऑपरेशनमुळे असेल.

पिंपळपान
रानजाई, तिला पुढच्या वेळी एकटीला आत जाऊ द्या. पेशंटशी एकट्याने बोलायचं आहे असं डॉक्टरांनीच म्हणायला हवं खरं तर.

आभाळ
पुरुषाने इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण बायकोच म्हणाली लिहा. तिला गळू झालं, चीर दिली, जखम महिनोन्महिने भरेना. शेवटी एका डॉक्टरांनी साखर तपासायला लावली. मधुमेह आहे हे तेव्हाच कळलं. तोपर्यंत तहान, थकवा, वजन, काहीच मनावर घेतलं नव्हतं. साखर ताब्यात आल्यावर तीच जखम, त्याच ड्रेसिंगने, भरत गेली. उपाशीपोटीची एकच साखर बघून थांबू नका. एचबीएवनसी करा, त्यातून साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशोब कळतो.

शब्दखूण
एक शंका. मी वाचलं होतं की ज्यांना चीर दिली जाते त्यांच्यातच हे जास्त उलटतं. मग चीर देणंच चूक का?

निवृत्त_सर्जन
चांगली शंका. काही अभ्यासांत तसं आढळलंय खरं, पण निष्कर्ष जपून काढावा लागतो. चीर कुणाला दिली जाते? ज्यांचं गळू मोठं आहे, कप्पे-कप्पे झालेत, सुईने निघत नाही, वरची त्वचा पातळ होऊन फुटायला आलीय, त्यांना. म्हणजे मुळात अवघड रुग्णच त्या गटात जास्त. त्यामुळे चिरेने आजार उलटला की आजारच चिवट होता, हे वेगळं करणं कठीण.

तरीही आज पहिली पसंती सुईलाच. त्वचा शाबूत असेल तर सोनोग्राफीत बघून पू ओढायचा, दोन-तीन दिवसांनी परत बघायचं. व्रण जवळजवळ राहत नाही, ड्रेसिंगचा त्रास नाही. त्वचा काळी पडली, मेली, तर मात्र चीर लागते. कोणत्याही मार्गाने पू निघाला तरी तो कल्चरला गेलाच पाहिजे.

कोरा_कागद
अँटिबायोटिकचा मुद्दा मी सोडत नाही. नुसतं पूर्ण घेणं पुरेसं नाही म्हणता, ठीक. मग योग्य जंतूवरचं होतं का हे तरी बघायला हवं ना?

निवृत्त_सर्जन
ते अगदी बरोबर. पाजणाऱ्या आईला दिलं जाणारं औषध इथे अपुरं पडू शकतं, कारण ते मुख्यतः स्टॅफिलोकॉकसवर बेतलेलं असतं. स्तनाग्राजवळच्या गळवात ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतूही झाकले जातील असं औषध लागतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस असेल तर तोही कल्चरमध्येच कळतो. पण आतली नलिका बिघडलेली राहिली तर कितीही नेमकं औषध दिलं तरी आराम तात्पुरताच मिळेल.

दवबिंदू
इथे एक तिसरा प्रकार सांगायलाच हवा, कारण तो ओळखायला माझी दोन वर्षं गेली. बाळंतपण होऊन बराच काळ लोटला होता, पाजणं थांबलं होतं. स्तनात कडक गाठ, मग लाली, मग गळू. चीर दिली. ती जखम भरते न भरते तोच शेजारी दुसरं तोंड पडलं. तिथे चीर दिली तर तिसरं. माझ्या स्तनाची चाळण झाली होती आणि प्रत्येक जण आणखी एक अँटिबायोटिक लिहून देत होता. मला सिगारेट नाही, साखर नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी जाड सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. निदान आलं ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. यात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्तनाच्या ऊतीत भडकलेली असते. काही जणींत त्यामागे कोरिनेबॅक्टेरियम जातीचा जंतूही सापडतो. माझ्या डॉक्टरांनी आधी क्षयाच्या तपासण्या केल्या, कारण क्षय सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास तसाच दिसू शकतो आणि चुकून स्टेरॉइड दिलं तर तो उफाळतो. क्षय नाही हे पक्कं झाल्यावर स्टेरॉइड सुरू झालं. गोळ्या कमी करताना एकदा परत सूज आली, पण हळूहळू सगळी तोंडं मिटली. यात जितकी काटछाट जास्त तितक्या जखमा चिघळतात, असं मला सांगितलं गेलं, आणि माझ्या अंगावर त्याचे व्रण आहेत.

रानजाई, तुमच्या बहिणीचं वर्णन माझ्यापेक्षा सरांनी सांगितलेल्या प्रकाराशी जास्त जुळतं. तरी तुकडा तपासल्याशिवाय परत चीर द्यायला तयार होऊ नका.

टिटवी
दवबिंदू, तुम्ही किती सोसलंय! लिहिलंत ते फार बरं केलंत, मैत्रिणीला हाच तुमचा प्रतिसाद पाठवला.

शब्दखूण
भीत भीत विचारते. कॅन्सर असू शकतो का?

निवृत्त_सर्जन
बहुतेक वेळा नसतो. पण एक प्रकारचा स्तनाचा कर्करोग लाली, सूज, गरम त्वचा अशा रूपात येतो आणि संसर्ग म्हणून त्यावर आठवडेच्या आठवडे औषधं दिली जातात. म्हणून माझा नियम होता: अँटिबायोटिकने अपेक्षेप्रमाणे उतार पडला नाही, सुईत पू आलाच नाही, खाली गाठ उरली, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर तुकडा तपासायचाच. चीर देताना गळवाच्या भिंतीचा तुकडा पाठवणंही सोपं असतं. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असाल तर गळू बरं झाल्यावर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं असेल, जसं या बहिणीचं, तर कोणत्याही वयात तपासणी हवीच. नलिकेच्या आजारातही ते आत ओढलं जातं, पण गृहीत धरू नये.

चांदणवेल
थोडं अवांतर, पण पाजणाऱ्या आया हा धागा वाचत असतील म्हणून लिहिते. गाठ झाली की जोरात चोळून मोडायची, गरम शेक द्यायचा, पंपाने स्तन पार रिकामा करायचा, हे सल्ले मला भरपूर मिळाले. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ मध्ये मार्गदर्शन बदललं. खोल मसाज नको, त्याने आतल्या ऊतीला इजा होते. गरजेपेक्षा जास्त पंप नको, त्याने दूध आणखी वाढतं. सुजेवर थंड शेक. बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं. माझी गाठ मी रडत रडत चोळली होती, तसं दुसऱ्या कुणीही करू नये.

मुक्ता_म
चांदणवेल +१. हे प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत लावायला हवं.

टिटवी
ड्रेसिंग चालू असताना आतून काय घालायचं हे कुणी सांगत नाही. मैत्रिणीला पुढून उघडणारी, तार नसलेली, एक माप मोठी सुती ब्रा सोयीची पडली. गॉझ जागेवर राहतो आणि कडेला घासत नाही.

पिंपळपान
आता माझं. मी रानजाईंच्या बहिणीच्या जागी होते. तेच कडेचं भोक, तीच खपली, पाळी जवळ आली की तोच स्राव. मुळाचं ऑपरेशन झालं ते सगळं शांत असताना, अँटिबायोटिकच्या संरक्षणात. ऑपरेशनआधी सर्जनने चित्र काढून दाखवलं होतं. कडेच्या भोकातून एक अगदी बारीक सळई घालायची, अश्रूनलिकेसाठी वापरतात तशी. ती पोकळ वाटेने सरकत स्तनाग्रावरच्या नलिकेच्या तोंडातून बाहेर येते. मग त्या सळईभोवतीची सगळी वाट, स्तनाग्रातल्या टोकापर्यंत, एकसंध काढायची. ते टोक अर्धा सेंटिमीटर जरी मागे राहिलं तरी आजार परत सुरू होऊ शकतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आधीच्या ठिकाणी माझं फक्त बाहेरचं भोक कापून शिवलं होतं आणि अर्थातच ते परत फुटलं.

काहींत एकच नलिका काढून भागतं, काहींत स्तनाग्रामागच्या सगळ्या मुख्य नलिका काढतात. त्याचे परिणाम आधी समजून घ्या. माझ्या स्तनाग्राची संवेदना खूप कमी झाली आहे. सगळ्या नलिका काढल्या तर त्या बाजूने पाजता येत नाही. बहिणीला पुढे मूल हवं असेल तर हे आधी बोलायचं, सही करताना नव्हे.

सिगारेट मीही ओढायचे. सोडली. सोडताना झालेली चिडचिड ड्रेसिंगपेक्षा कठीण होती असं मी कुणालाही सांगेन, पण सोडली. त्यानंतर आजवर काही झालेलं नाही.

आभाळ
पिंपळपान, बायको म्हणतेय तुमचा प्रतिसाद जपून ठेवला.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. बहीण दुसऱ्या सर्जनकडे एकटी आत गेली आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी ओरडण्याऐवजी 'बरं झालं सांगितलंत' म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सोनोग्राफीत कडेच्या भोकापासून स्तनाग्राकडे जाणारी वाट दिसली. आत ओढलेल्या स्तनाग्रासाठी मॅमोग्राफी केली आणि तिथला तुकडाही तपासला, काळजीचं काही नाही. एचबीएवनसी ठीक आहे. सूज पूर्ण उतरल्यावर नलिकेसकट वाट काढायचं ठरलंय. एकच नलिका पुरेल असा त्यांचा अंदाज आहे.

सिगारेट सोडायची तिची तयारी आहे, पण एकदम जमत नाहीये. निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगगम ऑपरेशनआधी चालतात का? आणि किती आधी सोडायला हवी?

निवृत्त_सर्जन
ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी, आणि जितकी लवकर तितकं उत्तम. जखम भरण्यात फरक पडतो. पट्ट्या आणि गम यांत धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, त्यामुळे सिगारेट चालू ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मात्र सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगून ठेवा. ऑपरेशननंतर परत सुरू करणं सगळ्यात घातक, तेव्हा सोडवण्याची मदत नंतरही चालू राहू द्या. मधल्या काळात पुन्हा ठणका लागला तर चीर द्यायची घाई नको, आधी सोनोग्राफी आणि सुई.

पिंपळपान
आणि काढलेला भाग तपासणीला पाठवणार ना, हे आधीच विचारून ठेवा. माझ्या रिपोर्टमध्ये नलिकेत त्वचेसारखं अस्तर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. पुढे कधी दुसऱ्या बाजूला काही झालं तर नव्या डॉक्टरांना तो कागद दाखवला की गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही. सिगारेटचं म्हणाल तर बहिणीला मला थेट मेसेज करायला सांगा. रात्री उशिरा तलफ आली तरी चालेल, मी जागी असते.